दोन किलो नऊशे ग्रॅम

"हलकी आहे हो ताई. पुस्तकात काही का लिहिलेलं असेना, सगळे एकाच हाताने चालवतात," असं म्हणत दुकानदाराने ती बॅटरीवरची छोटी करवत फळीवरून उचलली आणि सही करायला पेन पुढे करावं इतक्या सहज तिच्यापुढे धरली. तिचा हात पुढे झाला नाही. तिने काउंटरची कड धरली. काच थंड होती. काचेखाली करवतींच्या साखळ्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या दात्यांवरून तेलाचा पातळ हात फिरलेला. ती पहिल्या साखळीचे दाते मोजू लागली, कारण मोजायला लागलं की श्वास जागेवर येतो हे तिला माहीत होतं. "घाबरू नका," दुकानदार म्हणाला. "बॅटरी काढलेली आहे. उपाशी आहे बिचारी, चावायची नाही." स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि गळ्यातल्या दोरीला लटकणारा चष्मा नाकावर चढवून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुणासाठी घ्यायचीय?" "मिस्टरांसाठी." "मग त्यांनाच पाठवायचं ना. चप्पल घ्यायला कुणी दुसऱ्याला धाडतं का?" "त्यांना वेळ नाही," ती म्हणाली. एकविसावर तिची मोजणी चुकली. दोन वर्षं ज्या माणसाकडे वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं, त्याच्याबद्दल तिच्या तोंडून हे इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

तीन दिवसांपूर्वी सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता, "मला एक करवत हवीय. छोटी, हलकी. फांद्या आणि बारीकसारीक लाकूड कापण्यापुरती." तिने कप खाली ठेवला. तो खिडकीबाहेर, मागच्या आवारात बघत होता. तिथे त्याने शेवटच्या कामांवरून आणून टाकलेल्या फांद्यांचा ढीग दोन वर्षं तसाच पडून होता. खालच्या फांद्यांची साल सुटली होती, वरच्या उन्हाने राखाडी झाल्या होत्या. "आणि तूच बघ," तो म्हणाला. "तुला वजनातलं कळतं." मग त्याने उजव्या हाताने कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. डाव्या बाहीची गाठ त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा वर बांधलेली होती. एवढंच. ती कामावर गेली, परत आली, जेवली, झोपली, आणि ते वाक्य तिच्याबरोबर सगळीकडे गेलं. एखादं वजन दहादा तोलावं, दहा आकडे लिहावेत आणि त्यांची सरासरी काढावी, तसं ते वाक्य तिने पुन्हा पुन्हा तोललं. एकदा तो टोमणा वाटला. एकदा विश्वास वाटला. एकदा ते फक्त एक वाक्य होतं, चहाच्या घोटामागून आलेलं, ज्यात काहीच नव्हतं. दहा आकडे इतके लांब लांब पडले की सरासरीला काही अर्थ उरत नाही. मग काटाच नादुरुस्त आहे असं समजायचं आणि काम थांबवायचं. पण इथे काटा ती स्वतःच होती.

तिच्या कामाच्या ठिकाणी एक खोली होती, जिच्यात एका वेळी दोनच माणसांनी जायचं. वाणी, सोनार, औषधवाले, ज्यांच्या ज्यांच्या तराजूवर जगाचा विश्वास, त्यांची वजनं तपासायला तिथे येत. वजनाला बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या ओशटपणालासुद्धा वजन असतं. ती लाकडी टोकांच्या चिमट्याने वजन उचलायची, काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवायची, पेटीचं दार लावायची आणि मान वळवून बसायची, कारण उच्छ्वासाने हवा हलते आणि आकडाही हलतो. बावीस वर्षं ती अशी मान वळवून बसत आली होती. कचेरीत तिला काटेबाई म्हणत, आणि घरी तो तिला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून मिली म्हणत असे, म्हणजे मिलिग्रॅम. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायचा, "मिली, आज किती हजार कमी पडले?" तो स्वतः दुसऱ्या टोकाचा माणूस. दोरावर लटकून उंच झाडांच्या फांद्या छाटणं हा त्याचा धंदा. अंदाजाने जगायचा, आणि त्याचा अंदाज क्वचितच चुकायचा. फांदी कुठे पडेल हे तो खाली चपलेच्या टोकाने खूण करून दाखवायचा आणि मग वर चढायचा, आणि फांदी त्या खुणेवर येऊन पडायची. अपघात झाल्यापासून त्याने तिला मिली म्हटलं नव्हतं. नावानेही हाक मारली नव्हती. "ऐक ना," म्हणायचा.

ती पहिली हलकी करवतही तिनेच निवडली होती. हे कुणापासून लपलेलं नव्हतं, आणि कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं. त्याआधी त्याच्याकडे एक जुनी मोठी करवत होती, पेट्रोलवर चालणारी, लाल रंग उडालेली, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी हट्टी. दोन्ही हातांनी आवळून धरल्याशिवाय ती हलायची नाही. संध्याकाळी तो घरी आला की त्याचा उजवा खांदा कानापर्यंत चढलेला असायचा. ती गरम पाण्याची पिशवी धरून बसायची आणि तो दात आवळून छताकडे बघायचा. शर्ट काढताना एकदा त्याच्या तोंडून आवाज निघाला, लहान मुलासारखा, आणि दुसऱ्या दिवशी तिने वही काढली. जुन्या करवतीचं वजन, तेल-पेट्रोल भरून, सहा किलो शंभर ग्रॅम. नवीनचं माहितीपत्रकात छापलेलं वजन तिने मानलं नाही, कारण ते पातं, साखळी आणि पेट्रोल सोडून दिलेलं असतं. ही लबाडी आपल्याला सापडली याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता. सगळं धरून तीन किलो दोनशे. फरक दोन किलो नऊशे ग्रॅम. एका दिवसात तो करवत किती वेळा उचलतो हे मोजायला ती सुट्टी टाकून त्याच्या कामावर गेली आणि झाडाखाली वही घेऊन बसली. एकशे चाळीस वेळा. म्हणजे दिवसाला चारशे सहा किलो वजन त्या खांद्यावरून उतरणार होतं. तिने तो आकडा दोनदा अधोरेखित करून त्याच्यापुढे ठेवला. "जुनीला माझी सवय झालीय," तो म्हणाला. "सवय तिला झालीय, खांदा तुझा चाललाय," ती म्हणाली. तो आठवडाभर कुरकुरला, मग म्हणाला, "घे बाई, तुझ्या समाधानासाठी." तिचा हिशोब बरोबर होता. आजही तो कुणी तपासला तर बरोबरच निघेल, आणि हीच गोष्ट तिला सहन होत नसे. चूक सापडली असती तर चुकीला धरून रडता आलं असतं.

दुकानात एक माणूस आला. हिरवा जाड सदरा, पोटऱ्यांवर दोरांचे जुने वळ. तिने ओळखलं, झाडावरचाच. "काय, बदलायला आलास की फुकट बघायला?" दुकानदार त्याला म्हणाला. "तुझ्याकडे फुकट काय आहे? हवा सुद्धा तेलकट," तो माणूस म्हणाला आणि त्याने फळीवरची एक मध्यम करवत उजव्या हातात उचलली, मनगटातून फिरवली, डोक्याच्या वर नेली, हवेतल्या न दिसणाऱ्या फांदीवर टेकवली. तिचं लक्ष करवतीकडे नव्हतंच. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात आधी खाली लोंबत होता. मग त्याची बोटं हलली. करवत वर जाताच तोही वर गेला, कुणी न सांगता, आणि हवेतल्या त्याच फांदीचं दुसरं टोक धरून थांबला. रिकामा झालेला हात स्वतःसाठी काम शोधतो. हे तिच्या वहीत कुठेच नव्हतं. तिने दोन किलो नऊशे ग्रॅम काढून घेतले आणि त्या प्रत्येक ग्रॅमने नवऱ्याचा डावा हात थोडा थोडा मोकळा केला, आणि मोकळ्या हाताने त्या दिवशी फांदी धरली, कारण खाली कुणाच्या तरी घराचं काचेचं छप्पर होतं आणि फांदी त्यावर पडायला नको होती. पात्याचं टोक मागच्या खुंटाला लागलं, करवत उसळली, आणि ती जिथे उसळली तिथे त्याचा हात होता. खाली दोर धरून उभे असलेले मामा, म्हणजे त्याचे सख्खे कुणी नव्हेत, वीस वर्षं त्याचा दोर सांभाळणारे म्हणून मामा, त्यांनी तिला हे दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं होतं. त्यांच्या अंगावर भुसा होता आणि भुसा लाल होता. "जुनी असती ना वहिनी," ते म्हणाले होते, "तर दोन्ही हात तिच्यावरच अडकले असते." पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. पण वाक्य सांगून झालं होतं. मामांनी हेच त्यालाही सांगितलं होतं का, की त्याला ते सांगावं लागलंच नव्हतं, हे तिला दोन वर्षांत कळलं नव्हतं. तो बोलला नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मनगटाच्या वरून हात काढला तेव्हाही नाही. एकदाच, तपासणीच्या वेळी, पडद्यापलीकडे तो डॉक्टरांना हळू आवाजात सांगत असताना तिने ऐकलं, "बोटं अजून मिटलेलीच वाटतात. फांदी सोडायची राहिलीय असं वाटतं."

पर्समध्ये फोन वाजला. नणंद होती. "वहिनी, कुठे आहात?" तिने सांगितलं. पलीकडून नणंदेचा नेहमीचा भडिमार सुरू झाला. "तो म्हणाला आणि तुम्ही निघालात? उद्या म्हणेल विमान हवंय. आणाल?" "तो दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागतोय." "मागू दे की. तोंड आहे, मागेल. अहो, मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला नको म्हटलं की तो तीन दिवस फुगतो आणि चौथ्या दिवशी जेवतो." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "वहिनी, ऐकताय ना? एक हात राहिलाय त्याचा. एकच." "मला मोजता येतं," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका कोरडा का निघाला हे तिला कळेना. नणंदेचा आवाज खाली आला. "मी तुम्हाला बोल नाही लावत हो. कधीच लावला नाही." "माहीत आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सगळे असंच सांगत. बोल लावत नाही हे ज्याला त्याला मुद्दाम सांगावं लागत होतं.

हिरव्या सदऱ्याचा माणूस काही न घेता निघून गेला. "ती मोठी दाखवता का?" तिने विचारलं. दुकानदाराच्या भुवया चष्म्याच्या वर चढल्या. "ताई, तुम्ही तर हलकी म्हणत होतात." "बघू द्या." त्याने दोन्ही हातांनी मोठी करवत काउंटरवर ठेवली, काच किंचित कुरकुरली. तिने मागची मूठ धरून ती उचलून पाहिली आणि तिचं मनगट लगेच खाली गेलं. ही एका हाताने कुणालाच उचलता यायची नाही. ही नेऊन ठेवली तर तो तिच्याकडे बघेल, समजेल, आणि पुन्हा मागणार नाही. हा विचार तिच्या मनात पुरते दोन श्वास राहिला. मग तिला त्याचं पुढचं सगळं दिसलं, फार स्पष्ट. तो ती ढिगापर्यंत फरफटत नेईल, पुढच्या मुठीखाली डाव्या हाताचं उरलेलं टोक घालेल, वर छातीने दाबेल आणि सुरू करेल. न मागता करेल, ती कामावर असताना करेल. हलकी करवत हाताला मोकळं करते, आणि जड करवत हा माणूस कशानेही उचलेल. मधे कुठलाही आकडा असा नव्हता की जिथे काटा स्थिर राहावा. कुठलीच नको, असंही म्हणता येत होतं. बसून राहा म्हणता येत होतं. दोन वर्षं तो बसलाच होता. खिडकीजवळच्या खुर्चीच्या गादीला त्याच्या बसण्याचा खड्डा पडला होता आणि परवा तिने चादर झटकताना पाहिलं, गादी उलटी केली तरी खड्डा दिसत होता.

"ही लहान," ती म्हणाली. "हिचं वजन किती?" "कागदावर एक किलो शंभर." "बॅटरी आणि पातं धरून?" दुकानदार आता तिच्याकडे जरा आदराने बघू लागला. "तुम्ही लाइनमधल्या का?" खिळे तोलायचा काटा कोपऱ्यात होता. तिने करवत, बॅटरी, साखळी, वरचं झाकण, सगळं त्यावर ठेवलं. एक किलो चारशे साठ. काट्याच्या पाठीवरच्या शिक्क्याची मुदत गेल्या वर्षीच संपली होती. एरवी ती बोलली असती. पातं जेमतेम टीचभर, वरून झाकण, मूठ एकच. पुढच्या हाताला धरायला जागाच ठेवलेली नव्हती. बनवणाऱ्यांनी ती एकाच हातासाठी बनवली होती, आणि दुसऱ्या हाताचं काय करायचं हे चालवणाऱ्यावर सोडलं होतं. "छान निवडलीत," दुकानदार खोक्याला दोरी बांधत म्हणाला. "हौसेच्या कामाला एकदम मस्त. मिस्टर खूश होतील." दोरीला त्याने धरायला फास करून दिला. रस्त्याने येताना तिने खोकं एकदा उजव्या हातात घेतलं, एकदा डाव्या हातात. दोन्ही हातांना ते सारखंच लागलं.

तो खिडकीत नव्हता. दारात होता, बूट घालून, नाड्या एका हाताने बांधून. ती गाठ कशी मारायची हे शिकायला त्याला सहा आठवडे लागले होते आणि त्या सहा आठवड्यांत तिने एकदाही मदत केली नव्हती, कारण त्याने तसं सांगितलं होतं. "आणलीस?" त्याने खोकं गुडघ्यांत धरलं, दोरी दातांनी सोडवली, करवत बाहेर काढली आणि मूठ हातात बसवून बराच वेळ तसाच उभा राहिला. "खेळणं आहे," तो म्हणाला. मग, "पण चांगलं आहे." साखळीचा ताण त्याने अंगठ्याने उचलून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर तिने कितीतरी दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं, आणि तिला आनंद झाला नाही. भीती वाटली. "मला तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "सांग की. चल बाहेर."

आवारात ऊन उतरायला लागलं होतं. त्याने ढिगातून मनगटाएवढ्या जाडीची एक फांदी ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. "घोडी कुठे आहे?" तिने विचारलं. लाकूड अडकवून कापायची ती चौकट. "मामांकडेच राहिली. त्यांनी मोडून जाळलीही असेल." असं म्हणून त्याने डावा पाय उचलला आणि बुटाची टाच फांदीवर घट्ट रोवली, करवत चालणार तिथून चार बोटांवर. हात नाही म्हटल्यावर पाय पुढे येणार, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. दुकानात एवढा वेळ उभी राहून, सगळं तोलून, हे नाही. "पाय काढ," ती म्हणाली. "मग फांदी कोण धरणार? तुझी नणंद?" "मी." ती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी फांदी धरली. साल खरखरीत होती आणि आतून ओलसर. तो पाय काढून तिच्याकडे बघत राहिला.

"आधीची पण तूच आणली होतीस," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा. वर बघितलं तर ऊन डोळ्यात जात होतं, म्हणून तिने खालीच बघत म्हटलं, "हो."

"तेच सांगायचं होतं ना?"

"हो."

शेजारी कुणीतरी सतरंजी झटकत होतं, धप, धप. "त्या दिवशी खांदा दुखत नव्हता," तो म्हणाला. "दुपार झाली तरी दुखत नव्हता. मला वर असताना तेवढंच वाटत होतं, की अरे, आज दुखत नाहीये." त्यात राग आहे का हे तिने ऐकायचा प्रयत्न केला, आणि माफी आहे का तेही. त्याचा आवाज माहिती देणाऱ्याचा होता. त्याला एवढंच माहीत होतं आणि ते त्याने दिलं. "म्हणजे तुझा आकडा बरोबर होता," तो म्हणाला. "आणि आता भीती कसली? मधे यायला दुसरा हातच नाही." तिच्या घशातून जे निघालं ते हसू होतं की काय, तिला ते थांबवता येईना, आणि तो हसत नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता. दोन हात, आठ बोटं वर, दोन अंगठे खाली, फांदीभोवती आवळलेले.

"मागे घे," तो म्हणाला. तिने हात वीतभर मागे घेतले. "अजून." तिने घेतले. "अजून. तू तिथे असलीस तर मी सुरू करायचा नाही." ती बसल्या बसल्या मागे सरकत फांदीच्या पार शेंड्याशी गेली, जिथे ती करंगळीएवढी बारीक होती. तिथून तिने कितीही जोर लावला तरी दुसरं टोक डोलतच राहिलं; तिला ते गणितही येत होतं, इतक्या लांबून काही धरता येत नाही. त्याने करवतीचं टोक फांदीवर टेकवून पाहिलं, फांदी निसटली. पुन्हा टेकवलं, पुन्हा निसटली. मग त्याने पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला, करवत चालणार तिथून चार बोटांवर.

तिने शेंडा सोडला. उठून आली, त्याच्या बुटाशेजारी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हात फांदीवर ठेवले, एक बुटाच्या अलीकडे, एक पलीकडे. या वेळी त्याने मागे घे म्हटलं नाही. त्याचा श्वास तिला वरून ऐकू येत होता. तिने मान वळवली नाही. त्याने बटण दाबलं, आणि ती थरथर लाकडातून आधी तिच्या तळव्यांत आली, मग मनगटांत, मग खांद्यांपर्यंत.